पान काय म्हणतंय, बघा तरी!

डेस्कवरचं जेड पानं गाळतंय? खिडकीतली एचेव्हेरिया जिराफासारखी मान काढतेय? घाबरू नका. आणि मुख्य म्हणजे लगेच पाण्याचा ग्लास उचलू नका! गुबगुबीत पानांच्या या मंडळींची तब्येत ओळखायची कशी, त्याचा हा स्वतःचे हात पोळून शिकलेला फंडा...

दर रविवारी सकाळी साडेनऊला माझा मोबाइल वाजतो. साताऱ्याहून बाबांचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, ‘जेड कसं आहे?’ मी कशी आहे हा प्रश्न दोन नंबरवर. कधीकधी तर तो फोन आईच्या हातात गेल्यावरच येतो.

या जेडची स्टोरी अशी. बाबा बँकेत होते. त्यांच्या टेबलावर फाइलींच्या शेजारी जेडची एक कुंडी असायची. बदली जिथे होईल तिथे सामानासोबत कुंडीही जायची. कराड, फलटण, वाई असं फिरून २०१९ मध्ये बाबांसोबत तीही रिटायर झाली. पुढे मला पुण्यात नोकरी लागली, बाणेरला वन बीएचके भाड्यानं घेतला, तेव्हा बाबा एसटीत मांडीवर कुंडी घेऊन आले. खिडकीत ठेवली, बोटानं एक पान दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘याला फार काही लागत नाही.’

मी ते ऐकलं. पण मनावर घेतलं नाही.

जुलै २०२४. पुण्यात पावसानं नुसता धुमाकूळ घातला होता. मी वर्क फ्रॉम होम करत होते, टेबल खिडकीपाशी, समोर जेड. एक दिवस पाहते तर पानांवर सुरकुत्या! म्हटलं, अरेच्चा, बिचारं तहानलंय. मग रोज सकाळी माझी कॉफी आणि त्याचा ग्लासभर पाणी, असं आमचं रुटीन सुरू झालं. सुरकुत्या वाढल्या. मी पाणी वाढवलं. जोडीला चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदूळ धुतलेलं पाणी... घरात जे जे ‘पौष्टिक’ म्हणून ऐकलं होतं ते सगळं त्या सहा इंची कुंडीत गेलं. पंधरा दिवसांत नुसता धक्का लागला तरी टपाटप पानं पडायला लागली, आणि खोडाचा बुंधा काळा पडला.

रविवारी फोन आला. ‘जेड कसं आहे?’ मी म्हटलं, ‘मस्त, बाबा!’ आणि पुरावा म्हणून फेब्रुवारीत काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला.

सुकलं म्हणजे तहानलं नव्हे!

पुढच्या शनिवारी कुंडी घेऊन मी सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीत धडकले. नर्सरीवाल्या काकांनी पानांकडे पाहिलंही नाही. कुंडी हातात घेतली, तोलली आणि म्हणाले, ‘ताई, हे तहानलेलं नाही. हे बुडालंय.’

‘अहो काका, मग पानं सुकली कशी?’

उत्तर देण्याऐवजी त्यांनी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. खाली मुळं नव्हतीच. तपकिरी, लिबलिबीत धागे होते फक्त, आणि गटारासारखा वास. ‘मुळंच नाहीत, तर पाणी पिणार कोण?’ काका म्हणाले.

सगळा घोळ इथेच होतो, मंडळी. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या हवेच्या जागा पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरश्या त्यांना कुजवतात. मग माती पाण्यानं भरलेली असूनही झाड कोरडं पडतं. पानांवर सुरकुत्या येतात. आपल्याला त्या दिसतात, आपण आणखी पाणी घालतो. थोडक्यात, बुडणाऱ्याला आपण प्यायला पाणी देत असतो!

तेव्हा पहिला धडा हा. नुसती सुरकुती पाहून काहीही ठरवायचं नाही. सुरकुती अधिक कोरडी माती म्हणजे तहान. सुरकुती अधिक ओली माती म्हणजे मुळांचा प्रॉब्लेम. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या थेट उलटे आहेत.

यूएस शिफ्टवाली झाडं

ही झाडं इतकी वेगळी का वागतात? कारण ती नाइट शिफ्ट करतात. खरंच! बाकीची झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड घेतात. पण छिद्रं उघडली की पानातलं पाणीही उडून जातं. जिथे महिनोन्महिने पाऊस नाही तिथे हे परवडणार कसं? म्हणून जेड आणि त्याचे बरेच भाऊबंद दिवसा दारं बंद ठेवतात, रात्री गारव्यात उघडतात, घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करतात.

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक जुना धागा भारतातला आहे. आपल्या आजीच्या परसातली पानफुटी आठवते? तीच, जिच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात आणि शाळेत आपण ज्याचं पान वहीत ठेवायचो. मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या निसर्गअभ्यासकानं पाहिलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत त्याची चव जाते. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, हे त्यामागचं कारण. (तुम्ही मात्र चव घेऊन पाहायला जाऊ नका. या कुळातली काही झाडं विषारी असतात.)

यातून आपल्या कामाचं काय? तर या मंडळींचा पाण्याचा खर्चच कमी. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या. पान हीच त्यांची पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना तुम्ही रोज नळ सोडताय.

आधी तपासणी, मग औषध

काकांनी शिकवलेल्या तीन टेस्ट मी आजही करते. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्हींना मिळून फार वेळ लागत नाही.

पहिली, कुंडी उचला. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजनाचा अंदाज घ्या, आठवड्यानं पुन्हा उचला. दोन-तीन वेळा केलं की हातालाच कळायला लागतं.

दुसरी, काडी टेस्ट. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी किंवा कबाबची बांबूची काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच-दहा मिनिटं ठेवा आणि काढा. काडी दमट निघाली किंवा तिला माती चिकटली, तर पाणी नाही म्हणजे नाही. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका. माझ्या कुंडीची वरची माती चोथ्यानं झाकलेली होती, तळाशी चिखल होता.

तिसरी, पान दाबा. खालचं एक पान अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबा. टणक आहे, लवचीक आहे, की पिचकतंय? बाबांनी पहिल्या दिवशी खिडकीत हेच केलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

साबुदाणा की मनुका?

आता पानाची भाषा. जास्त पाणी झालेलं पान आधी फिकट पिवळं होतं, मग शिजलेल्या साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक दिसतं. दाबलं तर पिचकतं. धक्का लागला की गळून पडतं. सुरुवात बहुतेकदा खालच्या पानांपासून होते, आणि दुर्लक्ष केलंत तर खोडही मऊ, काळपट होतं.

तहानलेलं पान मनुक्यासारखं असतं. पातळ पडतं, सुरकुततं, वाकवलं तर वाकतं, पण पिचकत नाही आणि सहजासहजी गळतही नाही. खालची पानं कागदासारखी कुरकुरीत होतात. उपाय एकदम सोपा. कुंडीखालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी घाला, बशीत साचलेलं पाणी फेकून द्या आणि दोन-तीन दिवस थांबा. पान पुन्हा टणक झालं तर निदान बरोबर. झालं नाही, तर पुन्हा पाणी न घालता झाड बाहेर काढून मुळं पाहा.

‘रोज थोडंथोडं’ हा आपल्याकडचा लाडका प्रकार इथे चालत नाही. रोज चमचाभर पाणी घातलं की वरची माती कायम ओली, आणि खालची मुळं एक तर कोरडी नाही तर कुजकी. घालायचं तेव्हा मनसोक्त, आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत विसरून जायचं. स्प्रेनं पानांवर फवारे मारणंही बंद. त्यानं मुळांची तहान भागत नाही, उलट पानांच्या बेचक्यात पाणी साचून बुरशीचे काळे डाग पडायची भीती. डाग दिसलेच, तर ती पानं काढून टाका, कुंडीला हवा खेळती मिळेल अशी जागा द्या आणि पानं कोरडी ठेवा. बहुतेकदा तेवढं पुरतं.

ऑफिसच्या ट्यूबलाइटचं ऊन लागत नाही!

माझ्या ऑफिसातल्या डेस्कवर एक एचेव्हेरिया होती. आणली तेव्हा कमळासारखी देखणी, घट्ट मिटलेली. तीन महिन्यांत तिची मान वीतभर लांब झाली, पानांमध्ये अंतर पडलं, रंग पोपटी झाला आणि खालची पानं छत्रीसारखी खाली वळली. आजूबाजूचे म्हणाले, ‘वॉव, किती वाढली!’ वाढली कसली, ती उजेड शोधत होती. एचेव्हेरियाला रोज चार ते सहा तास कोवळं ऊन लागतं. काळ्या काचांच्या एसी ऑफिसात ते कुठून येणार?

ही लांबलेली मान पुन्हा आखूड होत नाही. उजेडात ठेवलं तर नवी पानं जवळजवळ येतात, पण जुना भाग तसाच राहतो. उपाय म्हणजे वरचा शेंडा इंचभर खोड ठेवून कापायचा, सुकवायचा आणि नवीन कुंडीत लावायचा. उरलेलं खोड फेकू नका, त्यालाही बहुतेकदा बाजूनं पिल्लं फुटतात.

मी काय केलं? ‘ऊन हवं ना, घे ऊन!’ म्हणून एप्रिलमध्ये तिला थेट गच्चीवर नेलं. एका दुपारीत पानांवर भाजलेल्या पापडासारखे बदामी डाग पडले. हा सनबर्न. हे डागही त्या पानावरून कधीच जात नाहीत, ते पान जुनं होऊन गळेपर्यंत राहतात. पण डाग कोरडा आणि कडक असेल, पसरत नसेल, तर तो आजार नाही, नुसता व्रण आहे. पान तोडायची गरज नाही. सावलीतल्या झाडाला उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत हळूहळू लावायची. आधी सकाळचा तासभर, मग दोन तास, असं. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी तर सवय असलेल्या झाडांनाही हिरव्या नेटची सावली हवीच.

डेस्कसाठी झाड हवंच असेल, तर हॉवर्थिया घ्या. पट्ट्यापट्ट्यांची, छोटी, खिडकीजवळच्या उजेडावर खूश असणारी. नाही तर स्नेक प्लांट. एचेव्हेरियाला घरच्या गॅलरीतच राहू द्या.

पांढरा कापूस? सावधान!

पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक बोळे दिसले तर तो धुरळा नाही. तो पिठ्या ढेकूण, इंग्रजीतला मिलीबग. हा पानातला रस शोषतो, नवी पानं वाकडीतिकडी येतात आणि पानं चिकट होतात. त्या चिकट गोडव्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात ढेकणांची राखणही करतात! त्यामुळे कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की भिंग घेऊन बसा.

इलाज असा. पहिल्यांदा ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. केमिस्टकडे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात इअरबड बुडवून एकेक कीड पुसून काढा. झाड त्या वेळी सावलीत हवं. हँड सॅनिटायझर नको, त्यात इतर चिकट पदार्थ असतात. कीड जास्त पसरली असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर ट्रायल घ्या. एकदा केलं आणि झालं असं होत नाही, कारण अंडी शिल्लक राहतात. दर आठवड्याला, किमान महिनाभर करायचं.

वर काहीच दिसत नाही, पण झाड खंगतंय? मुळं पाहा. या ढेकणांची एक जात मुळांवर राहते आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी सोडते. तसं असेल तर सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, सुकवा, नवीन मातीत लावा. म्हणून नवीन झाड आणलं की त्याला दोन-तीन आठवडे वेगळी खोली. लॉकडाऊनमध्ये आपण क्वारंटाइन शिकलोच आहोत, ते इथे वापरा.

आणि हा आजारच नाही!

निम्मं टेन्शन तर उगाचच असतं. सगळ्यात खालची एक-दोन पानं सुकून कागदासारखी झाली, पण वरची टुमटुमीत आहेत? मग ते साधं म्हातारपण. जेडच्या पानांच्या कडा लाल झाल्या? भरपूर ऊन आणि कमी पाणी मिळालं की तसं होतं. उलट ती चांगल्या उन्हाची खूण. एचेव्हेरियाच्या पानांवर पांढरी पावडर आहे? ती बुरशी नाही, पानाचं स्वतःचं मेण आहे, त्याचं सनस्क्रीन. माझ्या एका मैत्रिणीनं धूळ समजून वेट टिश्यूनं घासून घासून झाड चकाचक केलं. ती पावडर त्या पानांवर पुन्हा आली नाही. कडुनिंबाच्या तेलानंही ती जाते, म्हणून अशा झाडांना तेल नको, इअरबडच बरा.

पानांची टोकं तपकिरी आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर सोसायटीच्या टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आणि खताचे क्षार यांच्यावर संशय घ्या. एकदा साध्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन निघू द्या, आणि आजारी झाडाला खत अजिबात नको. तापात श्रीखंड-पुरी कोण वाढतं?

ऑपरेशन जेड

पुन्हा माझ्या कुंडीकडे येऊ. काकांनी चाकू स्पिरिटनं पुसला आणि बुंधा कापला. आतून तपकिरी. दोन इंच वर कापला. मध्ये तपकिरी ठिपका. आणखी वर. मी बघत नव्हते खरं तर. बाबांच्या टेबलावर इतकी वर्षं उभं असलेलं मनगटाएवढं खोड चकत्या-चकत्या होऊन खाली पडत होतं. शेवटी तीन फांद्या उरल्या, ज्यांचा काप आतून स्वच्छ हिरवट-पांढरा होता. ‘एवढंच वाचतंय, ताई,’ काका म्हणाले.

नियम हाच आहे. कापात तपकिरी काही दिसेनासं होईपर्यंत कापत जायचं. दया दाखवलीत तर कूज वर चढते.

त्या तीन फांद्या मी वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, सावलीत ठेवल्या. एरवी चार-पाच दिवसांत काप सुकून त्यावर खपली धरते. पावसाळी दमट हवेत मला दहा दिवस लागले. मग कोरड्या मातीत खोचल्या आणि आठवडाभर पाणी नाही. माझ्यासाठी हा आठवडा सगळ्यात अवघड होता! हात सारखा ग्लासकडे जायचा. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहिलं. दोन फांद्यांनी मातीत पाय रोवले होते. तिसरी काळी पडली होती.

पडलेली टणक पानंही टाकून देऊ नका. देठापासून अख्खं निघालेलं पान दोन-तीन दिवस सुकवून कोरड्या मातीवर नुसतं ठेवा. काही आठवड्यांत गुलाबी-पांढरी मुळं आणि इवलंसं रोप येतं. जेड आणि एचेव्हेरिया यात पटाईत. सगळीच पानं यशस्वी होत नाहीत, तेव्हा आठ-दहा ठेवा.

घर बदललं की निम्मं दुखणं बरं

नर्सरीतून येणारी बरीच रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये असतात. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. मी आता निम्मी बागेची माती आणि कंपोस्ट, निम्मा भरड माल असं मिश्रण करते. भरड माल म्हणजे पर्लाइट किंवा बांधकामावरच्या विटांचे चण्याएवढे तुकडे, चाळून आणि धुऊन. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं.

कुंडी मातीची, साधी, न रंगवलेली. तिच्या अंगातून ओल उडते. तळाला भोक हवंच हवं. गिफ्ट म्हणून मिळणारे ते काचेचे गोंडस बोल म्हणजे सुंदर डबकी! आणि ‘तळाला खडे घातले की निचरा होतो’ हाही गैरसमज. खड्यांवर माती असली की पाणी खड्यांच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

बाकी कॅलेंडर आपल्या हवेप्रमाणे. हिवाळ्यात आणि फेब्रुवारीपर्यंत ऊन गोड असतं, झाडं खुशीत असतात. तेव्हा माती सुकली की पाणी, साधारण दहा-बारा दिवसांनी. कडक उन्हाळ्यात सावली आणि संध्याकाळचं पाणी. पावसाळ्यात कुंड्या थेट पावसातून आत घ्या आणि पाणी महिन्यातून एखाद्या वेळी, तेही काडीला विचारून. मुंबईकरांनी तर हे जास्तच पाळायचं. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हवासुद्धा ओलीच.

‘पावसाळ्यात कडा लाल कशा गं?’

माझं गुपित सहा आठवडे टिकलं. दर रविवारी ‘मस्त!’ आणि मधूनमधून जुना फोटो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाले, ‘तू पाठवलेला फोटो बघतोय. भर पावसाळ्यात पानांच्या कडा लाल कशा गं? ऊन कुठे आहे एवढं?’

मी गप्प. मग सगळं सांगून टाकलं. ग्लास, चोथा, चकत्या, सगळं. सॉरी म्हणताना आवाज जरा गेलाच.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, ‘अगं, मला वाटलं तुझंच काही बिनसलंय. झाडाचं खोटं सांगतेस म्हणजे बाकीचंही सांगत असशील.’

तेही खरंच होतं. त्या जुलैत ऑफिसात माझं प्रोजेक्ट बंद झालं होतं, महिनाभर बेंचवर होते, रात्र रात्र झोप नव्हती. घरी कुणाला बोलले नव्हते. दर रविवारी मी स्वतःचाही फेब्रुवारीतला फोटोच पाठवत होते म्हणा ना. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. आईनं मध्ये दोनदा फोन मागितला, बाबांनी दिला नाही.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ‘दोन फांद्या जगल्या ना? मग एक इकडे घेऊन ये. आणि मातीची कुंडी आण, प्लास्टिकची नको.’

दिवाळीत एक फांदी एसटीतून, माझ्या मांडीवर बसून साताऱ्याला गेली. दुसरी बाणेरला खिडकीत आहे. अजून बोटभरच आहे, पण पानं टणक. रविवारच्या फोनमध्ये प्रश्न तोच असतो. फरक एवढाच, की आता मी त्या दिवशीचा फोटो पाठवते, पिवळं पान असेल तर पिवळ्या पानासकट. आणि बाबा पलीकडून विचारतात, ‘कुंडी उचलून बघितलीस का आधी?’

कापून फ्रिजवर लावा!

• पान पिवळं, अर्धपारदर्शक, पिचकणारं: पाणी जास्त. पाणी बंद, मुळं तपासा.
• पान सुरकुतलेलं, माती कोरडी: तहान. भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी.
• पान सुरकुतलेलं, माती ओली: मुळं कुजलीत. झाड काढा, कुजकं कापा, सुकवून पुन्हा लावा.
• लांब मान, विरळ पानं: उजेड कमी. शेंडा कापून लावा, जागा बदला.
• कोरडे, बदामी, न पसरणारे डाग: उन्हाचा चटका. पान ठेवा, सावली द्या.
• मऊ, काळे, पसरणारे डाग: बुरशी. पान काढा, हवा खेळती ठेवा.
• बेचक्यात कापूस, कुंडीवर मुंग्या: पिठ्या ढेकूण. कुंडी वेगळी, अल्कोहोल आणि इअरबड, महिनाभर.
• फक्त खालची पानं कागदासारखी: काही नाही. मजेत राहा!
• घरात मांजर-कुत्रा असेल तर: जेड आणि कलांचो त्यांच्या तोंडापासून लांब. दोन्ही त्यांना बाधतात.